एकोणिसावं घर

सत्कार नको म्हणायची एक पद्धत असते. पहिल्यांदा नको म्हणायचं ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणायचं ते समोरच्याने आग्रह करावा म्हणून, आणि तिसऱ्यांदा गप्प बसायचं. शैलेंद्रने तिन्ही वेळा अगदी कळवळून नको म्हटलं, तरी उल्हासने त्याचा अर्थ नेहमीचाच लावला.

"अरे, एवढा मॉडेस्टपणा कशाला?" उल्हास फोनवर म्हणाला. "एकोणीस घरं वाचवलीस तू. कमिटीने फायनल केलंय. दिवाळीच्या प्रोग्रॅमला शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटं भाषण. तू फक्त टायमात ये, बाकी नो वरीज."

उल्हास इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता आणि सत्कार हा त्याचा हातखंडा. कुणाच्या मुलीला युनिमध्ये अ‍ॅडमिशन मिळो, कुणी मॅरेथॉनमध्ये शेवटून चौथा येवो, उल्हासच्या गाडीच्या डिकीत नारळ तयार. आणि दिवाळी म्हणायची तरी हॉल मिळेल तेव्हा, म्हणजे यंदा नोव्हेंबरच्या मध्यावर.

शैलेंद्रने फोन ठेवला. सुखदा ओट्यापाशी चकल्या पाडत होती. "घे ना रे सत्कार," ती म्हणाली. "एवढं चांगलं काम केलंस. आपली अनुष्का शाळेत सगळ्यांना सांगत फिरते." शैलेंद्र उठला. बाहेर जाऊन त्याने कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. कचऱ्याची गाडी यायला अजून दोन दिवस होते.

त्याने काय केलं होतं ते एकट्या त्यालाच माहीत होतं.

शैलेंद्र पॅरामॅटाच्या एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी तो स्वयंसेवक दलात गेला, वादळ-पुराच्या वेळी धावून जाणाऱ्या. सुखदाच्या मते त्या नारंगी ओव्हरऑलसाठी गेला, आणि तिचं अगदीच चूक नव्हतं. तो घालून घरी आला की गल्लीतले लोक हात करायचे. या देशात बारा वर्षं राहून जे मिळालं नव्हतं, ते त्या कपड्याने मिळत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या तुकडीला डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यात पाठवलं. या देशात वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, आणि त्या खोऱ्यात तो म्हणजे दोन्हीकडून मार. पाऊस मुळात कमी, गवत वाळून काडी झालेलं. सप्टेंबरात वारा सुटला आणि वणव्यात अख्खा एक उतार जळून गेला. जळलेली माती पाणी पीत नाही, वरून पडलेलं सगळं सरळ खाली येतं. त्या शनिवारी सकाळी खोऱ्यात पुन्हा आगीचा इशारा होता आणि दुपारी वादळी पावसाचा. नेमक्या त्याच काळ्या उतारावर ढग जमत होते, आणि खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली चाळीसेक घरं होती.

घरोघर जाऊन लोकांना बाहेर काढायचं होतं आणि वेळ थोडा होता. म्हणून शैलेंद्रने एक बाजू घेतली आणि मयूराने दुसरी. मयूरा त्यांच्याच तुकडीतली, पुण्याहून शिकायला आलेली आणि नुकतीच पर्मनंट रेसिडेंट झालेली चोवीस वर्षांची पोरगी. दोघांकडे एकेक यादी, आणि प्रत्येक घरापुढे तीन रकाने. भेट झाली. दार वाजवलं, उत्तर नाही. पोहोचता आलं नाही.

अठरा घरं त्याने नीट केली. लोकांना हात धरून गाडीत बसवलं, एका बाईची मांजर पकडून दिली. एकोणिसावं घर रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, ओढ्यापलीकडे होतं. तो ओढ्याशी पोहोचला तेव्हा थेंब पडायला लागले होते. ओढ्यातून राखेचं काळं पाणी वाहत होतं, घोट्याच्या वर, आणि बघता बघता वर चढत होतं. पलीकडे घराचा पत्रा दिसत होता. शैलेंद्र दोन पावलं मागे सरला.

आता गंमत अशी, की त्याने परत फिरायला हवं होतं आणि नियमही तोच होता. वाहतं पाणी ओलांडायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. तिसरा रकाना त्यासाठीच होता. तिथे खूण केली की दुसऱ्या बाजूने मोठी गाडी जायची. कुणी त्याला भित्रा म्हटलं नसतं.

पण तेवढ्यात रेडिओवर मयूराचा आवाज आला. "शैलेंद्रदादा, माझी बावीसच्या बावीस झाली. तुझं किती राहिलं?" तो म्हणाला, "झालंच." आणि त्याने मधल्या रकान्यात खूण केली. दार वाजवलं, उत्तर नाही. घरात कुणी नसेलच, असं त्याने स्वतःला सांगितलं. एक हाकसुद्धा मारली नाही. हाक मारली असती आणि कुणी ओ दिली असती तर मग जावं लागलं असतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

घरात एक्याऐंशी वर्षांचा क्लाइव्ह नावाचा माणूस होता. तासाभरात पाणी त्याच्या स्वयंपाकघरात शिरलं. तो पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढला आणि चार तास तिथेच बसून राहिला. शेवटी वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला दिसला. न्यूमोनिया झाला, तीन आठवडे हॉस्पिटल झालं, पण जगला. दलाच्या बैठकीत त्याचा उल्लेख एका ओळीत आला: एका रहिवाशाने दार वाजवूनही प्रतिसाद दिला नाही. शैलेंद्र समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, त्याला वाईट वाटतंय.

पुराच्या शनिवारीच संध्याकाळी मयूराने काढलेला त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला होता, काखेत मांजर घेतलेला. तिथून अठराची एकोणीस आणि घरांची माणसं व्हायला वेळ लागला नाही.

या दीड महिन्यात त्याचं काय झालं ते ऑफिसात आधी दिसलं. टीममधल्या यतिनने एक टेस्ट न चालवताच पास लिहून टाकली. अशा पोरांना शैलेंद्र सोलून काढायचा, तेवढ्याबद्दल तो प्रसिद्ध होता. यतिन टाय सैल करून शिव्या खायच्या तयारीने समोर येऊन उभा राहिला. शैलेंद्र स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चालव आता." बस्स. यतिन दिवसभर बुचकळ्यात पडला होता.

सुखदाला सांगावं असं त्याला रोज वाटायचं. रोज रात्रीचं जेवण व्हायचं, भांडी व्हायची आणि तो झोपायला जायचा.

कार्यक्रमाच्या शनिवारी हॉल खचाखच भरला होता. पणत्या बॅटरीच्या होत्या, कारण हॉलवाल्यांचा नियम. उल्हास झब्ब्यात घामाघूम होऊन आला आणि त्याने शैलेंद्रचा दंड धरला.

"सरप्राइज आहे तुझ्यासाठी," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसात लिन म्हणून आहे. तिचे डॅड त्याच खोऱ्यात राहायचे, एकोणिसावं घर. तुला भेटायला खास आलेत दोघं. पहिल्या रांगेत बसवलंय."

शैलेंद्रला वाटलं, पायाखालची फरशी आता फाटेल तर बरं. फाटली नाही. उल्हासने त्याला ओढतच नेलं.

क्लाइव्ह उंच, वाळलेला, इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा होता. हातात कागदी बशी आणि बशीत सुखदाचीच चकली. तो कष्टाने उभा राहिला आणि त्याने शैलेंद्रचा हात दोन्ही हातांत घेतला. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं.

"मला तुझी माफी मागायची होती, मेट," क्लाइव्ह म्हणाला. "तू त्या पाण्यातून माझ्यासाठी आलास आणि मी दार उघडलं नाही. मला ऐकूच आलं नाही."

शैलेंद्र हात सोडवून घ्यायला बघत होता.

"डॉक्टरांनी कान तपासले," क्लाइव्ह सांगत होता. "म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहेत. पण लिन म्हणते ते शांत खोलीत. घरात पत्र्यावर पाऊस वाजत असताना मला दार ऐकू येत नसेल, तर मी एकटा राहायच्या लायकीचा नाही."

"डॅड, इथे नको," लिन म्हणाली. पन्नाशीची दमलेली बाई होती, डोळ्यांखाली काळं. ती शैलेंद्रकडे वळली. "सोमवारी घर विकायला काढतोय. इथे जवळच एक वृद्धाश्रम बघितलाय. आगीचं एक वेळ ठीक होतं, पण कुणी दारात येऊन वाजवतं आणि यांना पत्ता नाही, मग मी झोपायचं कसं?"

क्लाइव्हने बशी खुर्चीवर ठेवली. "एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "किती जोरात वाजवलंस? म्हणजे हळू वाजवलं असशील, घाईत असशील, तर माझी काही तक्रार नाही. पण मग..." त्याने वाक्य सोडून दिलं. त्याचे निळे डोळे शैलेंद्रच्या तोंडावर खिळले होते. हळू, एवढा एकच शब्द त्याला हवा होता.

आणि शेजारी उल्हास उभा होता, पलीकडे सुखदा आणि अनुष्का कौतुकाने बघत होत्या. शैलेंद्रने ऐकलं, आपलंच तोंड म्हणत होतं, "जोरात. तीनदा वाजवलं."

क्लाइव्हने मान हलवली. "तीनदा," तो म्हणाला. मग लेकीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "तुझंच बरोबर, लिन." तो खुर्चीत बसला आणि त्याने चकली परत हातात घेतली, पण खाल्ली नाही.

त्या दिवशी ओढ्याकाठी शैलेंद्र घाबरला होता. आज काय कारण होतं? आज तर हॉलमध्ये एसी होता. स्वतःची त्याला इतकी किळस कधीच आली नव्हती.

नाव पुकारलं गेलं. तो स्टेजवर कसा गेला ते त्याला आठवत नाही. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. उल्हासने माइकवर एकोणीस घरांची एकोणीस कुटुंबं केली आणि मग क्लाइव्हला दोन शब्द बोलायची विनंती केली. क्लाइव्ह जागेवरच उभा राहिला.

"हा माणूस माझ्या दारात आला होता," तो म्हणाला. "त्याने आपलं काम केलं. चूक माझी झाली. बावन्न वर्षं त्या घरात राहिलो, आता पुरे. एवढंच." टाळ्या पुन्हा झाल्या, या वेळी जास्त. लिनने डोळे पुसले.

उल्हासने माइक शैलेंद्रच्या हातात दिला. एका हातात माइक, दुसऱ्या हातात नारळ, आणि नारळ ठेवायला जागा नाही. अनुष्का पुढे येऊन फोनवर रेकॉर्ड करत होती.

"नमस्कार," शैलेंद्र म्हणाला. "मंडळाने माझा सत्कार केला. पण मी या सत्काराला लायक नाही. त्या दिवशी मी..."

लोक हसले, आपुलकीने. नम्रपणाची ही सुरुवात त्यांच्या ओळखीची होती. एकोणिसाव्या घरापर्यंत मी गेलोच नव्हतो, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं, मराठीत, जुळवून तयार. बोलून टाकलं की सुटलो, असं त्याला वाटलं. आणि मग त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. क्लाइव्ह आणि लिन सभ्यपणे हसत बसले होते, कळत नसलेल्या भाषेतलं भाषण ऐकताना माणसं हसतात तसे. मराठीत बोलला असता तर अख्ख्या हॉलला कळलं असतं, आणि ज्या दोघांना कळायला हवं होतं त्यांनाच कळलं नसतं. कुणीतरी पुढे त्यांना सांगितलं असतं, गोड करून, अर्धंमुर्धं. इथेही त्याला पळवाट सापडलीच होती.

त्याने नारळ खाली स्टेजवर ठेवला. तो गडगडत गेला आणि उल्हासने पायाने अडवला.

"क्लाइव्ह," शैलेंद्र इंग्रजीत म्हणाला, "मी तुमचं दार वाजवलंच नाही. मी ओढ्यावरून परत फिरलो. मी घाबरलो होतो. यादीवर मी खोटं लिहिलं, आणि आत्ता तुमच्याशीही खोटं बोललो."

हॉलमध्ये मागे एक पोरगं रडत होतं, तेवढाच आवाज. अनुष्काने फोन खाली केला. सुखदा त्याच्याकडे बघत नव्हती, ती मांडीवरच्या पर्सचा बंद बघत होती. मयूरा दाराशी उभी होती, ती हॉलबाहेर निघून गेली.

क्लाइव्हने कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

कुणीतरी हळहळलं. बिचाऱ्याला खरंच ऐकू येत नाही, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. उल्हास शैलेंद्रच्या हातातला माइक घेऊन खाली उतरायला लागला, तेव्हा क्लाइव्हने त्याला हाताने थांबवलं. तो लिनकडे वळला, तिचा हात धरून त्याने तिला उभं केलं आणि स्टेजकडे तोंड करून उभा राहिला. शैलेंद्रच्या चेहऱ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही, तो त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत होता.

"मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," क्लाइव्ह म्हणाला. "पुन्हा सांग. माझ्या मुलीला नीट ऐकू दे."

शैलेंद्रने पुन्हा सांगितलं. पहिल्या वाक्यापासून, शब्दन् शब्द.