गादीवाल्याचा वुजू

आता गादीवाल्याला झोप येते म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेसाठी कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे, आणि आपण मात्र लाकडी फळीवर बसायचं, हा कुठला न्याय? पण हा गादीवाला म्हणे दुपारी झोपतच नसे. "झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घोरणं रस्त्यापलीकडच्या शिंप्याला ऐकू जायचं, तरी हेच.

याचं कारण वुजू. नमाजेआधी हात, तोंड, पाय धुऊन माणूस पाक होतो, आणि गाढ झोप लागली की तो वुजू मोडतो, पुन्हा करावा लागतो. गादीवाल्याची फुशारकी अशी, की दुपारच्या नमाजेचा वुजू तो तिसऱ्या प्रहराच्या नमाजेपर्यंत आरामात टिकवतो. शिंपी मशिदीच्या नळावर तोंड धूत असला, की हा गालात हसत सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. शेवटी शिंप्याने वैतागून इमामसाहेबांनाच विचारलं.

"बसल्या बसल्या, बैठक पक्की असताना डुलकी लागली, आणि शेजारचं बोलणं ऐकू येत असलं, तर वुजू राहतो," इमामसाहेब म्हणाले. "पण टेकून इतकं गाढ झोपलात, की टेकू काढल्यावर पडाल, तर गेला."

गादीवाल्याने घरी येऊन हे बायकोला आणि मुलीला दोनदा ऐकवलं, लढाई जिंकून आल्यासारखं. तिथेच फसला बिचारा.

कारण हल्ली त्याला एक नवाच रोग जडला होता. मुलीने नोकरीचा विषय काढला, की याचे डोळे मिटायचे. दूरच्या शहरात, पिण्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती. होकार-नकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि अब्बांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. एकुलती एक पोर. हो म्हणायला जीभ रेटत नव्हती, नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यापेक्षा झोप बरी.

नमाज आणि जेवण उरकून तो दुकानामागच्या खोलीत एका वळकटीला टेकून बसला होता.

"अब्बा, ते नोकरीचं..." एवढंच मुलगी म्हणाली, आणि याची मान छातीवर.

"झोपले," बायको म्हणाली. "बोल आता माझ्याशीच."

"अम्मी, हे सोंग का घेतात ते कळतं गं मला. मी गेले तर यांच्या सुईत दोरा कोण ओवणार? दिसत नाही म्हणून कबूल तरी करतात का? त्यांनी नाही म्हटलं, तर मी हूं की चूं करणार नाही. त्यांना वाटतं मी रागावेन. रागावणार नाही. रडेन थोडी."

गादीवाला एकदम दुप्पट मोठ्याने घोरू लागला.

बायकोने मुलीला डोळा मारला आणि मागची वळकटी हळूच ओढून घेतली. झोपलेला माणूस धाडकन उताणा पडला असता. हा पठ्ठ्या खुंटासारखा ताठ! तेवढ्यात अजान झाली. गादीवाला उठला, डोक्यावर टोपी चढवली आणि दाराकडे निघाला.

"कुठे निघालात? वुजू?"

"आहे की दुपारचा."

"टेकून झोपला होतात."

"अगं, वळकटी काढलीस, पडलो का मी?"

"म्हणजे काढलेली कळली?"

"कळली तर!"

"मग पोरीचं बोलणंही ऐकलंत."

गादीवाल्याचा पाय उंबऱ्यावरच राहिला. झोपलो होतो म्हणावं, तर ते खोटं. आणि खोटं बोलून नमाजेला उभं राहणं त्याच्याने झालं नसतं. सगळे बारकावे स्वतःच शिकवून ठेवले होते मेल्याने!

"ऐकलं," तो म्हणाला. "सगळं ऐकलं. जा तू. मला अजिबात करमणार नाही, पण जा. आणि तिथल्या कसल्यातरी चपट्या गादीवर झोपायचं नाही. मी भरून देतो ती न्यायची."

एवढं बोलून तो तरातरा मोरीत गेला आणि तोंडावर पाण्याचे हबके मारू लागला.

मुलगी मागोमाग आली. तिचा आवाज ओला होता, पण खोडी जाईल कुठे! "अब्बा, रडण्याने वुजू मोडत नाही."

"मला शिकवतेस?" गादीवाला तोंड न पुसताच बाहेर पडला.

मशिदीच्या दारात शिंपी उभाच होता. त्याने गादीवाल्याच्या दाढीतून ठिबकणारं पाणी पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"काय गादीवाले, आज पुन्हा वुजू? लागली होती ना झोप?"

"हो, लागली होती," गादीवाला म्हणाला. "बऱ्याच दिवसांपासून. आत्ताच पोरीने उठवलं."