फोडणी नसलेली घरं

दर सोमवारी सकाळी मी डॉ. मधुवंतींच्या दवाखान्यात बसून एका छापील कागदावर शून्य लिहितो. ताप आणि अंगावर पुरळ असलेले किती रुग्ण या आठवड्यात आले, असा त्या कागदाचा प्रश्न असतो. कोणी आलं नाही म्हणून रकाना कोरा ठेवून चालत नाही. शून्य लिहायचं, डॉक्टरांची सही घ्यायची आणि कागद वेळेत आरोग्य केंद्रात पोचवायचा. चौतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. अक्षर बरं आहे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला ते झेपेल का, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं होतं.

"यज्ञेश्वरकाका, शून्य तर लिहायचंय," त्या म्हणाल्या होत्या.

दीक्षा सिस्टर आमच्या भागाच्या आरोग्यसेविका. एका शुक्रवारी मी रजिस्टर लिहायला दवाखान्यात बसलो असताना त्यांनी स्कूटीची चावी माझ्या टेबलावर टाकली आणि समोरच्या बाकावर बसल्या.

"काका, मागच्या गल्लीत गोवरची दोन पोरं सापडली. इथनं शंभर पावलांवर. आणि तुमचं आपलं शून्य."

"दवाखान्यात कोणी आलंच नाही," मी म्हणालो आणि उगाच रजिस्टर चाळलं.

"येणार न्हाईतच. गोवर म्हंजे घरात देवीआई आल्या. आईला कोण दवाखान्यात आणतंय? दार लावून घेत्यात आणि गप बसत्यात." त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. "आणखी तीन सापडली तर पाच होतात. मग साथ म्हणून वर कळवता येतं. साथ धरली की नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाबी जादा डोस मिळतो. एरवी नऊ महिने पुरे झाल्याशिवाय न्हाय."

माझी नात लीला सात महिन्यांची आहे. हे मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. तिचं लसीकरणाचं कार्ड सिस्टरनीच भरलं होतं.

शनिवारी सकाळी मला समोरच्या झुंबरबाईंच्या दारात कडुलिंबाचा पाला दिसला. चांगला भाराभर, चौकटीला टांगलेला. गोवराच्या घरी दाराला पाला बांधतात, एवढं मलाही माहीत आहे. मी खिडकीतून तीनदा पाहिलं, चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिलं. शेजाऱ्याबद्दल असं कळवणं म्हणजे चहाडी की कर्तव्य, यावर अर्धा तास गेला. शेवटी फोन लावला आणि पलीकडे एकदा वाजताच बंद केला. सिस्टरनीच उलट फोन केला.

तासाभरात त्या आल्या. सोबत नमुन्याची पेटी घेतलेला एक माणूस आणि वही घेतलेली एक मुलगी. झुंबरबाई पासष्टीच्या आहेत, आणि त्यांचा आवाज चौकातल्या तालमीपर्यंत जातो.

"पाला व्हय? गव्हाच्या पिंपात घालायला वाळत टाकलाय. तुमच्यात गव्हाला किडं होत न्हाईत काय, पावणं?" त्या पेटीवाल्याला म्हणाल्या. "आणि घरात पोर कुठलं? धाकटा चाळीसचा हाय. आत झोपलाय. त्याचं अंग बघायचं आसंल तर बघा."

पेटीवाला नको म्हणाला.

"पर हे तुमाला सांगितलं कुणी?"

सिस्टर स्कूटीकडे वळल्या. तसा नियमच आहे म्हणे. खबर देणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. पण झुंबरबाईंनी सरळ वर माझ्या खिडकीकडे पाहिलं, आणि पडदा सोडायला मला उशीर झाला.

त्या संध्याकाळी मी एकच पान चार वेळा वाचलं. माझी सून वल्लरी लीलाला मांडीवर घेऊन बसली होती. "बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," ती म्हणाली. पण तिला हसू आवरत नव्हतं.

साडेसहाला झुंबरबाई जिना चढून आल्या.

"मास्तर, हाईसा काय घरात?"

मी मास्तर कधीच नव्हतो. पण आमच्या गल्लीत चष्मा आणि पुस्तक असलेला प्रत्येक माणूस मास्तर असतो.

"या ना," मी उभा राहिलो. "माझी चूक झाली, बाई."

"चूक झालीच की. सगळी गल्ली इचारतीया, झुंबरबाईच्या घरात काय झालंय म्हणून. माझ्या भिशीच्या बायका दारातनं माघारी गेल्या." त्या खुर्चीत बसल्या आणि लीलाकडे हात पसरले. लीला ताबडतोब त्यांच्याकडे गेली. "मला येऊन इचारलं आसतं तर जीभ झडली आसती काय तुमची?"

"धीर झाला नाही," मी म्हणालो. मग, कसं कोण जाणे, पुढचं सगळं एका दमात बोलून गेलो. आणखी तीन मुलं सापडली तरच साथ धरतील, साथ धरली तरच लीलाला आत्ता डोस मिळेल, नाहीतर अजून दोन महिने थांबायचं, आणि मागच्या गल्लीत गोवर आलेला आहे.

झुंबरबाईंच्या गळ्यातली पोत लीलाने तोंडात घातली होती. ती त्यांनी हळूच सोडवली.

"मला ठावं हाय कुणाच्यात आल्यात त्या," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना."

"नाव घेत न्हाईत, मास्तर. घरात आई आसताना बाहेरच्यानं बोभाटा करायचा नसतो. मी तर घेणार न्हाय." त्यांनी लीलाला वल्लरीकडे दिलं. "उद्या ऐतवार. त्या सिस्टरबाईला आकरा वाजता बोलवून घ्या. गल्लीतनं फिराय जाऊ. मी काय बोलणार न्हाय, आधीच सांगते."

रविवारी अकरा म्हणजे आमच्या गल्लीत घरोघरी मटण शिजायची वेळ. सिस्टर सुट्टी सोडून आल्या. पुढे झुंबरबाई, मागे नमुन्याची पेटी घेतलेल्या सिस्टर, आणि त्यांच्या मागे मी, हातात वही. आपण नक्की कशाला आलो आहोत हे मला समजत नव्हतं. तांबड्या रश्शाचा वास मात्र नाकात बसला होता.

सहा दारं ओलांडून झुंबरबाई थांबल्या आणि चपलेत खडा गेल्यासारखा पाय झाडू लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"वास न्हाय," सिस्टर हळूच म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरात आई आल्या की मटण नाही, इतकंच काय, साध्या आमटीलाही फोडणी देत नाहीत. गल्लीभर मसाल्याचा दर्प आणि या दारात काहीच नाही. पाला मागच्या दाराला बांधता येतो. न दिलेली फोडणी कशी लपवणार?

मी उत्साहाने वहीत घराचा नंबर लिहिला. तेवढ्यात दार उघडून केरबा बाहेर आला, गालाला रुमाल बांधलेला.

"दाढ काढलीया," तो कसंबसं म्हणाला. "बायको म्हेरला गेलीया. काल धरनं नुसतं दूध."

झुंबरबाईंचाही अंदाज चुकला होता. त्या त्याच्यावरच चिडल्या. "मग दारात पाटी लावायची, मुडद्या." मी नंबर खोडला. माझी खात्री पुन्हा निम्मी झाली.

दोन घरं सोडून क्रांतीचं घर. क्रांती शिवणकाम करते. तिचं मशीन रविवारीही चालू असतं. त्या दिवशी मशीन बंद, दार बंद, आणि वास नाही. झुंबरबाईंनी पुन्हा पाय झाडला.

सिस्टरनी चपला पायरीखाली काढून ठेवल्या. दार थोडंसं उघडलं तेव्हा आजाराचं नाव काढलं नाही, पेटी पुढे केली नाही.

"आई आल्यात का गं? किती दिस झालं?"

"पाच," क्रांती म्हणाली. तिचे डोळे आधी माझ्याकडे गेले, मग माझ्या वहीकडे. मी वही पाठीमागे धरली.

"मी लांबनंच बघते. जीवनसत्त्वाचं औषध आणलंय, डोळ्यांना जपतंय. आईंची काय हरकत नसते त्याला."

आत तिची दोन्ही मुलं होती, सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, दोघांच्याही अंगभर पुरळ. क्रांतीनं औषध देऊ दिलं, मग नमुनाही घेऊ दिला. पाणवठ्यापलीकडच्या घरात तिसरं मूल सापडलं. तिथे सिस्टरनी स्वतःच ओळखलं, झुंबरबाईंना पाय झाडावाही लागला नाही. त्या कठड्यावर टेकून पदराने वारा घेत बसल्या.

परत येताना मी सिस्टरना विचारलं, "तुम्ही हे देवीचं मानता?"

"मी देव मानत न्हाय, काका. पर चपला काढायला माझं काय जातंय? दार तर उघडतंय."

झुंबरबाईंनी मान हलवली. "मी कुणाचं नाव घेतलं काय, मास्तर?"

"नाही."

"मग झालं."

सोमवारची वाट न बघता डॉक्टरांनी त्याच दुपारी कळवलं. मी कागदावर तीन लिहिलं. आकडा बरोबर आहे ना, हे मी सिस्टरना फोन करून दोनदा विचारलं. नमुन्यांत गोवरच निघाला, वरून आदेश आला, आणि पुढच्या आठवड्यात तालमीच्या हॉलमध्ये डोस द्यायचं ठरलं.

बायकांना रांगेत उभं करायचं काम कोणी सांगितलं नसताना झुंबरबाईंनी घेतलं. "मास्तराची नात पुढं घ्या. सगळ्या गल्लीची चहाडी करून आणलाय त्यानं ह्यो डोस." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, थोडं उशिरा. सुई टोचताना लीलानं आवाज काढला नाही. आधी सिस्टरकडे संशयाने पाहिलं आणि मग झुंबरबाईंना लाजवेल असा हंबरडा फोडला. वल्लरीच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण चेहरा आता सैल झाला होता.

क्रांती हॉलच्या बाहेर, पायऱ्यांपासून लांब उभी होती. मी तिच्याकडे जाऊ की नको असं करत शेवटी गेलो. मी तिच्या दारात वही घेऊन उभा राहिलो होतो, त्याबद्दल काहीतरी बोलावं असं मनात होतं. वाक्य तयारही केलं होतं.

"बाळाला दिलं न्हवं?" तिनेच आधी विचारलं.

"दिलं."

"बरं झालं. माझ्या पोरांची सवय तुमच्याकडं उठसूट बाळाला खेळवाय यायची. आंगावर उठल्या उठल्या म्हणूनच दार लावून घेतलंतं. तुमच्या बाळाचंच भ्या वाटत हुतं मला."

ती काही लपवत आहे असं मी समजत होतो. तयार केलेलं वाक्य उपयोगाचं राहिलं नाही.

"आता कशी आहेत दोघं?" मी विचारलं.

"काल धरनं एकमेकांच्या झिंज्या ओढाय लागल्यात."

"मग बरी आहेत," मी म्हणालो. "उद्यापासून पाठव की त्यांना. लीला वाट बघते."