कोऱ्या जागा

छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडून आत्याने वरचे पुस्तक उघडले आणि उभ्याउभ्याच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुस्तक तिच्या वर्गाचे होते. कवितेचे प्रकार मुलांना नुसते सांगून कळत नाहीत, ते करून पाहावे लागतात, अशा मताची ती शिक्षिका. म्हणून तिने प्रत्येक मुलाला एकेक प्रकार वाटून दिला होता: कुणाला बडबडगीत, कुणाला चारोळी, कुणाला हायकू, तर एकाला शब्द पायऱ्यांसारखे उतरवत नेणारी जिन्याची कविता. मुक्तछंद तिने राखून ठेवला होता भाचीसाठी.

भाची बोलताना अडखळे. शब्द ओठांपर्यंत येऊन थांबे आणि तेवढ्यात समोरचा माणूस तो स्वतःच उच्चारून मोकळा होई. आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे तिच्यावर हे उपकार करत. आत्याने तिला सांगितले होते, "या प्रकारात कुठे थांबायचं ते लिहिणारा ठरवतो. तू थांबशील तिथे कागद कोरा सोड."

भाचीने तसेच केले:

आमचं दार          अडकतं.
ढकलू नका.
ते          येतंय
          उघडत.

उद्या प्रकाशन. पालक हातात पुस्तक धरून बसणार, भाची वाचणार आणि ती थांबेल तिथे त्यांना कोरी जागा दिसणार. म्हणजे कुणी मदतीला धावणार नाही. एवढ्या एका भरवशावर पोर सगळ्यांसमोर उभी राहायला तयार झाली होती. छापील पानावर मात्र श्वास घ्यायलाही जागा उरली नव्हती:

आमचे दार अडकते फार,
ढकलू नका हो वारंवार;
ते बघा येते उघडत छान,
आमच्या घराची तेच शान.

शिवाय जिना सपाट झाला होता आणि हायकूला चौथी ओळ फुटली होती.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पान वाचून मान डोलावली. त्यांना ते उलट गोड वाटले. छापून झालेल्या पुस्तकावरून आता वितंडवाद नको, असेही त्यांनी सुचवले. आत्याने सुतळी पुन्हा आवळली. गठ्ठा एका काखेत मारला, भाचीचा हात धरला आणि तडक छापखाना गाठला.

पानांची मांडणी करणाऱ्या गृहस्थांना सगळे काटकोन म्हणत. वाकडे काही दिसले की त्यांच्या जिवाची तगमग होई. पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच बसत. आत्याला पाहून ते शाबासकीच्या अपेक्षेने उठले. मुलांच्या ओळी लहानमोठ्या होत्या, मध्येच भगदाडे होती. लिहिताना शब्द गळले असणार, हे ओळखून त्यांनी सुट्टी खर्ची घालून ती बुजवली, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. "वेगळे पैसे लावले नाहीत हं, बाई."

"मेहेरबानी झाली," आत्या म्हणाली. "आता माझ्या मृत्युपत्रातही यमक बसवून द्या."

काटकोन दुखावले. कवितेला काही शिस्त असते की नाही, असे त्यांनी विचारले.

"होती. तुम्ही पुसलीत. मोठ्या माणसाच्या लिखाणातला स्वल्पविराम तुम्ही विचारल्याशिवाय हलवत नाही. इथे अख्ख्या ओळी घुसडल्या, आणि विचारलं कुणालाच नाही. का? तर लिहिणाऱ्याची उंची तुमच्या टेबलाएवढी."

मूळ कागद काढून काटकोनांनी त्यावर पट्टी ठेवली, चष्मा सावरला आणि भाचीकडे वळून, कोरी जागा नेमकी किती सोडायची ते विचारले.

"जेवढा मला..." भाची थांबली.

"वेळ लागतो," काटकोनांनी तत्परतेने वाक्य पुरे केले.

भाचीचे कान लाल झाले. ती आत्याच्या पदराआड जाईल असे वाटले. पण ती टेबलाला आणखी चिकटून उभी राहिली. "मी थांबले होते," ती म्हणाली. "विसरले... नव्हते."

काटकोनांनी कागदाकडे पाहिले, मग पोरीकडे. पट्टी त्यांनी खणात टाकली.

प्रत्येक प्रतीतली चुकीची पाने कापून शिवणीपाशी उरलेल्या कडेवर नवी चिकटवायची, असे ठरले. ते उद्या सकाळीही होईल, ही काटकोनांची सूचना आत्याने ऐकली आणि पुढ्यातले स्टूल ओढून त्यावर बसली. मग ते निमूटपणे कामाला लागले.

पहिले नवे पान बाहेर आले तेव्हा आत्याने ते तपासले नाही. भाचीच्या हातात दिले. भाची वाचू लागली. "आमचं दार..." शब्द अडला. सवयीने काटकोनांचे तोंड उघडले. आत्याने चष्म्यावरून नुसते पाहिले, तोंड मिटले. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

"...अडकतं," भाची म्हणाली, आणि सावकाश, कुणाची मदत न घेता, शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचली.

काटकोनांनी घाम पुसला आणि आता तरी बाईंचे समाधान झाले का, असे चाचरत विचारले.

आत्याने दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आता जिना," ती म्हणाली.