पेरू चावता न आलेला जबडा

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. कधी काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड शब्दांत सांगावी अशी रीत आहे. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. माझा एका बाईवर राग आहे.

धरमपेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या देवाजींची मुलगी दीक्षा खुर्चीत बसली होती. डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात गुलाबी लगदा दाबला, तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्यात प्लास्टर ओतले. त्यातून मी निघालो. खालचा जबडा पुढे, वरचा मागे, आणि समोरच्या दातांची एकमेकांशी गाठभेटच नाही.

"तुला नेमकं काय हवंय?" बाईंनी विचारले.

"मॅडम, मले पेरू चावायचा हाय."

डॉक्टरबाई हसल्या. मग दीक्षाच्या आईने, प्रेमिलाबाईंनी, खरे काय ते सांगितले. हिंगण्याच्या यमुताई आपल्या मुलासाठी, प्रीतमसाठी, दीक्षाला बघायला आल्या होत्या. चहापोहे झाल्यावर त्यांनी ताटातला पेरू तिच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "चावून दाखव वं." बिचारीने भरल्या घरात प्रयत्न केला. पेरूवर ओरखडासुद्धा उठला नाही. "पेरू चावता येत नाही, संसार काय करन!" यमुताई म्हणाल्या आणि हशा पिकला. प्रीतमही हसला. ते ऐकताना मी अजून ओलाच होतो. राग माझ्यात तेव्हाच पक्का बसला.

पुढे दीक्षाने दातांना तारा बांधून घेतल्या. त्याच मापाच्या दुसऱ्या जबड्याला, माझ्या जुळ्या भावाला, डॉक्टरांनी करवतीने कापून, सरकवून, पुन्हा जोडून पाहिले. ती ऑपरेशनची रंगीत तालीम. मग ऑपरेशन झाले. तिचे जबडे कापून नीट बसवले, बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडले. कित्येक आठवडे ती वरणाचे पाणी पिऊन राहिली. तोंड सुजून भोपळा झाले होते, पण कधी कुरकुरली नाही.

सारे आटोपल्यावर डॉक्टरबाईंनी मला तिच्या हवाली केले. प्रेमिलाबाई म्हणाल्या, "फेकून दे वं, अभद्र दिसते."

"राहू दे माय. काम पडन."

मला कपाटावर ठेवले आणि सगळे विसरले. माझ्या दाढांत धूळ साचली. मी मात्र वाट पाहत होतो.

एक दिवस यमुताईंचा निरोप आला. पोरीचा चेहरा सुधरला म्हणतात, पुन्हा पाहून घेतो.

देवाजी म्हणाले, "झालं गेलं सोडून दे बाई. पोरगा कमावता हाय."

"येऊ द्या ना, बाबा," दीक्षा म्हणाली आणि ओल्या फडक्याने मला पुसू लागली. तेव्हाच मी ओळखले, माझा दिवस आला.

पाहुणे बसले. पोह्यांनंतर दीक्षाने स्वतःच पेरू घेतला आणि कचकन चावला. सावकाश, बियांसकट, सगळा संपवला. मग तिने मला ताटात, अगदी यमुताईंच्या समोर ठेवले.

"मावशी, हा माहा जुना जबडा. तुमी हसले होते ना, तो. पहिले याले पसंत करा."

"अवं, जुनं काहून काढून राहिली?"

"तुमच्यासाठी जुनं हाय. मले रोज आठवते."

प्रीतमची मान खाली गेली. देवाजी उठले. आता हे पोरीला झापणार, असे मला वाटले. त्यांनी दार सताड उघडले, उरलेले पेरू पिशवीत घालून यमुताईंच्या हातात दिले आणि हात जोडले. "जयभीम, ताई. वाटेत खाजा."

मित्रांनो, आता मी टीव्हीशेजारी दिमाखात बसतो. कुणाच्या तोंडाकडे पाहून हसण्याआधी माझी आठवण ठेवा. जबडे दुरुस्त होतात, साचे मात्र घरात जपून ठेवलेले असतात. माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा, आणि यमुताई पुन्हा कुठे पोरगी बघायला निघाल्या, तर त्या घरी मला आधी पोहोचवा.