मैनेचं शिंगरू कोणी खाल्लं?

"निघालं! निघालं बाप्पा!"

तुळसाबाईच्या अंगणात एकच गलका झाला. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर चढायला लागली. मातीच्या चुलीत निखारे फुलले होते आणि कडेच्या राखेत लाल फडक्याची एक चिमुकली पुरचुंडी पडली होती. क्षणापूर्वी तिथं काही नव्हतं. सोटेमहाराजांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या, हात चुलीच्या जवळही नेला नव्हता, नुसत्या सोट्याच्या टोकानं राख उकरली होती. हे दोनशे माणसांनी पाहिलं. मीही पाहिलं.

महाराजांनी पुरचुंडीची गाठ जराशी सैल केली. शेंदरानं माखलेलं एक काळं टोक लांबून सगळ्यांना दाखवलं.

"देखो! खूर है, खूर! टिकारामच्या घोडीच्या पोटातलं शिंगरू टोनहीनं खाल्लं, अन् खूर चुलीत गाडला! माय ने पकड लिया! बोलो खप्परवाली माय की..."

"जय!"

टोनही म्हणजे चेटकीण. आमच्याकडे हा शब्द एखाद्या बाईवर पडला, की तिचं काय होतं ते मी दोनदा पाहिलेलं आहे. त्यातली एक बाई वाचली नाही. आज तो शब्द तुळसाबाईवर पडला होता. साठीची विधवा, गावची सुईण. अंगणातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. एकही जण तिच्या नजरेला नजर देईना.

मी सारखा पायांवर भार बदलत उभा होतो, कारण या सगळ्याचं मूळ माझ्या खिशात होतं.

मी ढोरांचा डॉक्टर. ही गोष्ट १९७४ सालची. बालाघाट जिल्ह्यात, रामपायलीच्या अलीकडच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं आजही मला बोलावून चहा पाजतात. टिकारामचा तिथं टांगा होता आणि टांग्याला मैना नावाची घोडी. ती म्हातारी व्हायच्या आत घरचंच शिंगरू तयार व्हावं, ही त्याची एकच आस. आदल्या चैत्रात त्यानं मैनेला गोंदियाकडे नेऊन घोडा दाखवून आणला. दोन महिन्यांनी मी तिचं रक्त काढून जबलपूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं: गाभण. मी ते गावात मोठ्यानं वाचून दाखवलं, पेढाही खाल्ला.

मग पाऊस लागला, रस्ते चिखलात गेले, आणि मी पुन्हा काही मैनेला बघायला गेलो नाही. सहज जाता आलं असतं. आळस केला, दुसरं काय! माघात टिकाराम धावत आला. दहा महिने होत आले तरी कास भरत नव्हती. मी हात घालून पाहिलं. पिशवी रिकामी होती.

"रिकामी?" टिकाराम ओरडला होता. "मंग गेलं कोठी? रगत नाई, पडलेलं नाई, काहीच नाई! तुमच्या कागदात तं होतं न जी?"

त्याच आठवड्यात बैहरच्या जंगलात बारा वर्षं तप केल्याचं सांगणारे हे सोटेमहाराज गावात उतरले. मैनेला रोज पेज कोण पाजते, पोटावरून हात कोण फिरवते, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. तुळसाबाई शेजारीच राहायची. पेज तीच पाजायची. झालं! माय त्यांच्या कानात बोलली.

"डॉक्टरसाहेब," गावचे पटेल, म्हणजे पाटील, दादाजी मला म्हणाले, "तुमचा कागद वाचा. सगळ्याईले ऐकू द्या."

"दादाजी, आधी माझं ऐकून घ्या..."

"पह्यले कागद."

मी वाचला. "घोडी गाभण आहे." माझीच सही, माझाच शिक्का. जमावातून संतापाचा आवाज उठला.

"सरकारी कागद है!" महाराज गरजले. "सरकार बोलती है बच्चा था! मैं कहता हूँ बच्चा खाया! आता काय राह्यलं?"

दादाजींनी खाली मान घालूनच निकाल सांगितला. तुळसाबाईचे केस कापायचे आणि दिवस बुडायच्या आत तिनं गाव सोडायचं. कोणीतरी कात्री आणायला गेलंसुद्धा.

"थांबा!" मी ओरडलो. "तो कागद चुकीचा नाही, पण पुरा नाही! चूक माझी आहे!"

मग मी बोलत सुटलो. घोडी गाभण राहिली, की पाचेक आठवड्यांनी तिच्या पिशवीच्या आतल्या बाजूला छोट्या छोट्या वाट्यांसारख्या गाठी होतात. त्या गाठी रक्तात एक रस सोडतात. त्याला हार्मोन म्हणतात. प्रयोगशाळेत तोच रस शोधतात. पण त्यानंतर आतला जीव मेला, तरी गाठी लगेच जात नाहीत. त्या आणखी दोन-अडीच महिने रस सोडतच राहतात. जीव गेलेला असतो आणि रक्त म्हणत असतं गाभण. घोडीही ते खरं धरते आणि नीट माजावर येत नाही. पुढे पावसात एखाद्या वेळी आलीही असेल, पण ती गाभण आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं, मग बघणार कोण? हिवाळ्यात तर घोड्या बहुतेक माजावर येतच नाहीत.

"पण मेलं तं पडलं काहून नाई?" टिकारामनं विचारलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"अरे, तेव्हा तो जीव माझ्या या बोटाएवढा असतो. आतच जिरतो नाहीतर रस्त्यात कुठेतरी पडतो. टांगा हाकताना तुला काय दिसणार? घोड्यांत असं पुष्कळदा होतं. कोणाची नजर लागत नाही, कोणी काही खात नाही."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात महाराजांनी गोड आवाजात विचारलं, "डॉक्टरबाबू, तो रस कोन देखता है जबलपूर में?"

आता खोटं कसं बोलू? "उंदरिणीच्या पिल्लांना ते रक्त टोचतात," मी म्हणालो, "आणि मग..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. "उंदीर!" महाराज पोट धरून हसले. "सुना? काली माय झूठी, और चूहा सच्चा!" सगळं अंगण हसलं. दादाजीही हसले. माझ्याकडचं सगळं ज्ञान मी ओतलं होतं आणि कात्री येऊन पोहोचली होती.

"महाराज." भिंतीकडून आवाज आला. तुळसाबाई उठून उभी राहिली होती. "थो खूर मले दाखवा."

"दूर हट! जवळून, खुले डोळ्यानं जो पाहीन तो आंधळा होईन!"

"मी तं अख्खं शिंगरू खाऊन बसली म्हनता. खाल्लं तवा काही झालं नाई, आता पाह्यल्यानं काय होते?"

कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू मात्र माझ्यावरचं नव्हतं.

"दादाजी," ती पटेलांकडे वळली, "तू उलटा आलतास पायाकडून. दोन दिवस मी तुह्या मायच्या पाशी बसली होती. मले गावाच्या भायेर काढून राह्यला न? काढ बापा. पन कशापायी काढतस, थे तं पाहू दे मले."

दादाजींचा चेहरा पडला. ते महाराजांकडे गेले आणि हात पुढे केला. महाराज दोन पावलं मागं सरकले. "पटेल, अनर्थ होईन!"

"माह्या डोयाचं मी पाहीन. द्या."

पुरचुंडी तुळसाबाईच्या हाती आली. तिनं गाठ सोडली, पदरानं शेंदूर पुसला. एकदा पाहिलं, मग खूर तळहातावर ठेवून सगळ्यांसमोर फिरवला.

"दोन फाका हायेत याले," ती म्हणाली. "मधात चीर हाय. अवो, हे बकरीच्या पिल्लाचं हाय!"

"काय सांगतस?" टिकाराम पुढे घुसला.

"जाय, मैनेचा पाय उचलून आन... नाई, मीच येते, चाल."

मैना शेजारच्याच मांडवात बांधलेली होती. सगळं अंगण तिकडे लोटलं. टिकारामनं घोडीचा पुढचा पाय उचलून धरला. अखंड, गोल खूर. एकही चीर नाही. टांग्याच्या घोडीचा खूर या माणसांनी जन्मभर पाहिला होता, पण आज एकाच्याही डोक्यात तो आला नव्हता. आणि माझ्या? मी तर जनावरांचा डॉक्टर! मी हार्मोन समजावत बसलो आणि पुरचुंडी बघायला मागितलीच नाही. अजूनही ते आठवलं की मला बसवत नाही.

"पन थे चुलीत आलं कसं?" दादाजी पुटपुटले. "हात तं नव्हता लावला यायनं."

मला पुरचुंडी निघाल्यापासून एक वास छळत होता. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा. आणि एक प्रश्न: महाराजांनी चुलीत निखारे फुललेलेच हवेत, असा हट्ट का धरला होता? मी पळत परत आलो, मागोमाग टिकाराम आणि सगळी माणसं. महाराज सोटा बगलेत मारून कुंपणाच्या दिशेनं चालले होते.

"टिकाराम, धर त्याला!"

टिकारामनं धरलं. मी सोटा ओढून घेतला. बांबूचा होता. दोन्ही टोकांना पितळी कडी, आतून पोकळ. एका टोकाशी वितळलेलं मेण आणि राख चिकटलेली. दुसऱ्या टोकाशी मेणाचं घट्ट बूच, वरून काळा रंग दिलेला. मी ते टोक निखाऱ्यांवर धरलं आणि म्हणालो, "आता कोणी जय म्हणू नका. नुसतं बघा."

मेण सुटलं, थेंब गळायला लागले, निखारे तडतडले. मग सोट्यातून लाल फडक्याची दुसरी पुरचुंडी टपकन राखेत पडली. तुळसाबाईनं ती चिमट्यानं उचलली आणि गाठ सोडली. आत शेंदरानं माखलेला दुसरा खूर. त्यालाही दोन फाका.

"हे कोनासाठी होतं?" ती महाराजांना म्हणाली. "म्होरल्या गावात कोन बाई हाय?"

महाराज टिकारामच्या पकडीतून सुटायला धडपडले. दादाजींना काहीतरी आठवलं. "परवा यायनं काळं करडू मांगलं मायच्या नावानं. मीच देल्लं."

आता सगळं कळलं. या गावात करडू खायचं, त्याचे खूर पुढच्या गावात कोणा तुळसाबाईच्या चुलीतून काढायचे, आणि तिथं नवं करडू मागायचं. मायचा एवढाच कारभार होता. महाराजांना पोलिसांच्या हवाली केलं. जाताना ते शाप देत होते, पण या वेळी कोणी आंधळं झालं नाही.

टिकाराम तुळसाबाईच्या पायांशी बसून रडला. दादाजी बराच वेळ कात्री हातात धरून उभे होते, ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. तुळसाबाई चुलीतली राख भरायला लागली. मी सायकलला हात घातला तेव्हा मात्र ती फाटकापर्यंत आली.

"डॉक्टर, थ्या बुवानं तं खूर आनला. पन गावानं मानला तुमच्या कागदावरून."

"हो," मी म्हणालो.

"मंग आता कागद लिहाल तं पुरा लिहा जी. तुमाले जेवढं मालूम हाय तेवढंच. अन् नाई मालूम, थेही लिहा."

त्या दिवसापासून मी तसंच लिहितो. "रक्तात हार्मोन आढळले. गर्भ जिवंत आहे की नाही, हे यावरून सांगता येत नाही. दीड महिन्यानं हात घालून पाहावं." आणि दीड महिन्यानं जातो, चिखल असो की पूर.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. कोणी राखेतून काही काढून दाखवलं, तर जय म्हणायच्या आधी ते हातात घेऊन बघा. काढणाऱ्याचा सोटाही बघा. आणि माझ्यासारखा कोणी शिक्क्याचा कागद वाचायला लागला, तर त्यालाही विचारा, की बाबा, हे तुला कसं कळलं आणि काय कळलं नाही? त्या अंगणात दोनशे माणसं होती. त्यातल्या एकानंही विचारलं नाही. जिचे केस कापायचे होते, तिलाच उठून विचारावं लागलं.