बसली

हट्टा गावात कुणाची बेंबी सरकली की शकुबाईला हाक जायची. जड ओझं उचललं, पाय खड्ड्यात गेला, की बेंबीची नाडी जागची हलते आणि पोटात कळ येते, असं लोक धरून चालत. शकुबाई माणसाला उताणं निजवायची, बोटांना करडीचं तेल लावायची, नाडी चाचपत अंगठ्यानं मधोमध आणायची आणि म्हणायची, "बसली." तेवढा शब्द कानावर पडला की निम्मं दुखणं तिथंच जायचं.

तिचा थोरला भाऊ सोनाजी कालव्यावर पाटकरी होता. शेतांना पाणी सोडायचा. शहाण्णव सालच्या पोळ्यापासून त्याचं पोट अधूनमधून धरू लागलं. शकुबाईनं हात लावला तर बेंबीच्या उजवीकडं लिंबाएवढं काहीतरी गुळगुळीत लागलं. दाबलं तसं ते बोटाखालून निसटून आत बुडालं. कळ थांबली.

"बसली," ती म्हणाली.

"बसंल न्हाई तर काय करंल? बेंबीला पन तुझा धाक हाय, शके," सोनाजी हसला.

असं चार-पाचदा झालं. दरवेळी ते लिंबू यायचं, दरवेळी बुडायचं. नाडी बोटाखाली उडते, हे उडत नव्हतं. शकुबाईच्या बोटांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोंडानं मात्र कधी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी सोनाजी पोट धरून, वाकून घरी आला. शेजारच्या बाया जमल्या. शकुबाईनं हात ठेवला. आज लिंबू नव्हतं. काकडीसारखं लांब, टणक, आडवं पडलेलं. दाबलं तर हलेना. पुन्हा तेल घेतलं, पुन्हा दाबलं.

"शके, बसली का गं?"

बाया बघत होत्या.

"बसली," शकुबाई म्हणाली.

सोनाजीची बायको कमलबाई दवाखान्याचं बोलू लागली, तर त्यानंच तिला गप्प केलं. "काहून घाई करून राहिलीस? शकीनं बसवली न्हाई का?" बहिणीच्या शब्दावर तो कण्हत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी हिरवी उलटी झाली, पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, तेव्हा कुठं जीप निघाली.

नांदेडला पोट उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि आपल्या सदऱ्याची बाही आत ढकलून दाखवू लागले. "लहान आतड्यात चरबीची गाठ होती. साधीच, कॅन्सरची नाही. लाखात एखाद्याला होते. तिनं आतडं असं आतड्यात ओढून नेलं. तेवढा भाग सडून फुटला. कालच आणायला पाहिजे होतं." मग त्यांनी विचारलं, "गाठ कुणाच्या हाताला लागली नव्हती?"

शकुबाईनं बोटं पदरात घेतली.

"न्हाई जी," कमलबाई म्हणाली. "बेंबी सरकली व्हती. ती तर बसवली व्हती."

तिसऱ्या दिवशी सोनाजी गेला.

गावानं शकुबाईला बोल लावला नाही, तेच वाईट झालं. "तिनं बसवली व्हती. पोट फाडलं म्हून गेला," लोक म्हणत. तिचं नाव उलट वाढलं. तिनं मात्र कुणाच्या पोटाला हात लावणं सोडलं. पीठ मळताना मुठीखाली लिंबू यायचं आणि बुडायचं. ओल्या लुगड्याच्या पिळ्यात काकडी लागायची. पाटाला पाणी सुटलं की त्या खळखळीतून कुणी विचारायचं, "शके, बसली का गं?"

पाच वर्षांनी शेजारची देवकाबाई आपल्या राणीला घेऊन आली. पोरगी पोट धरून रडत होती.

"आत्या, एवढी बसवा."

"त्या दिशी दादाची बसली न्हवती," शकुबाई म्हणाली. "मी लबाड बोलले."

"तुमचं कायतरीच! दुःखानं म्हनता तुमी. लावा हात."

राणी झगा वर करून निजलीसुद्धा. शकुबाईनं हात ठेवला. बोटाखाली काहीतरी गडगडलं आणि बुडालं. जंत असतील, वारा असेल, काही नसेलही. बोटांवर तिचा भरवसाच उरला नव्हता.

"आत्या, बसली?" राणीनं विचारलं.

"न्हाई!" शकुबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की आळीतल्या बाया दारात आल्या. "न्हाई बसली. ही बेंबीच न्हवं. दादाची पन न्हवती. देवके, जीप बघ."

जीप पाटावरून परभणीकडं निघाली. पाटाला पाणी होतं. आत राणीशेजारी शकुबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.