पांढरा साका

बडोद्याच्या एका कॉलेजात मी पंचवीस वर्षं पहिल्या वर्षाला पर्यावरणशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतेय, आणि पंचवीस वर्षं कॉलेजमागच्या तळ्यातला ऑक्सिजन सहा पूर्णांक चारच निघतो. जुन्या जर्नलमधून नव्या जर्नलमध्ये उतरतो, दुसरं काय. पहिल्यांदा तो आकडा मीच काढला होता. आता वाद घालायचं त्राण नाही. मुकाट्याने सह्या करते.

यंदा अहल्या पागे नावाच्या मुलीने खरोखरच तळ्यावर जाऊन पाणी आणलं. रसायनं घातली की बाटलीत तपकिरी साका बसायला हवा. हिचा पांढराफटक बसला. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

"तिन्ही वेळा असंच आलं, मॅडम."

"बाटली भरताना हवेचा बुडबुडा राहिला असेल," मी म्हटलं. चार बॅचेस उभ्याने घेऊन माझे पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी जर्नलवर सही झाली नाही, तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. "सगळ्यांचं आलंय तेच लिही आणि मोकळी हो."

ती काहीतरी बोलणार होती. मी घड्याळाकडे पाहिलं, तशी तिने बाटल्या उचलल्या.

फतेगंजच्या सिग्नलला रिक्षात माझी ट्यूब पेटली. बुडबुड्याने ऑक्सिजन वाढतो, कमी कसा होईल? दरवर्षी हे मीच फळ्यावर लिहिते. स्वतःचा इतका संताप आला की रिक्षा मागे फिरवली. कितीतरी वर्षांनी तळ्यावर गेले. काठाला मेलेले मासे लागले होते. प्रयोगशाळा उघडायला लावून स्वतः बाटली भरली. साका पांढराच बसला.

सकाळी अहल्याचं जर्नल माझ्या टेबलावर होतं. व्हाइटनरवर सुबक अक्षरात सहा पूर्णांक चार. खाली निष्कर्ष: पाणी माशांसाठी योग्य.

मी तिला बोलावून घेतलं. "तुझंच बरोबर होतं गं. बदल ते, मी सही करते."

"ठाऊक होतं मला. बुडबुड्याचं तुम्हीच तर शिकवलेलं." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "पण आता राहू द्या ने, मॅडम. सगळ्यांचं तेच आहे."

मला लाज वाटली. तिने पान उघडून सहीची जागा बोटाने दाखवली. अठरा वर्षांची पोर, पण माझ्याइतकीच दमलेली दिसत होती.